गुलमर्ग कीं औली?

चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना आम्हीं हिमालयाचें वर्णन किती वेळां केलें असेल, याची गणती नाहीं. कुमारसंभवाचा पहिला सर्ग समोर उघडा ठेवून आम्ही वर्गांतील मुलांना बर्फाचीं शिखरें दाखवीत असूं; आणि आम्हीं स्वतः पाहिलेला बर्फ म्हणजे काय, तर महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या कडाक्याच्या पहांटे गवतावर गोठलेलें दंव! जुन्या अकरावीची मॅट्रिक व वाईच्या पाठशाळेंतील संस्कृत, एवढ्याच शिदोरीवर नोकरी धरलेल्या माणसाला याहून अधिक बर्फ परवडणारा नव्हता. सेवानिवृत्तीनंतर मात्र हिमालयाचें दर्शन दोन वेळां घडलें. एकदां औलीस व एकदां गुलमर्गास. त्यामुळेंच २०२५ च्या मार्गशीर्षांत आमच्या घरांत जो वाद उपस्थित झाला, त्यांत न्यायाधीशाचें आसन आमच्याकडे आलें.

वाद असा. आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु दादा, वहिनी, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांची मंडळी, मुलगे, सुना आणि चार नातवंडें. दोघे मुलगे नोकरीनिमित्त पुण्यास असले तरी सण आणि सुट्टी वाईच्याच घरीं. यंदां नातवंडांनीं हट्ट धरला कीं, आम्हांला बर्फावर घसरण्याचा खेळ शिकावयाचा आहे. पायांना लांब व अरुंद फळ्या बांधून हिमाच्छादित उतारावरून वेगानें खालीं येण्याच्या या खेळाला मराठींतहि आतां ‘स्कीइंग’ असेंच म्हणतात. हिंदुस्थानांत हा खेळ शिकण्याचीं ठिकाणें थोडीं; त्यांत प्रमुख दोन, काश्मिरांतील गुलमर्ग व उत्तराखंडांतील औली. नातवंडें एकमुखानें गुलमर्गाच्या बाजूचीं. वहिनी काश्मिराच्या नांवासहि राजी नाहींत. आणि दादा? दादांनीं सर्वांचें बोलणें ऐकून घेतलें, “औलीच” एवढा एकच शब्द उच्चारला, आणि ते उठून झोपाळ्यावर जाऊन बसले.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असा प्रश्न आज ना उद्यां निघेल. म्हणून आम्हीं पाहिलेलीं हीं दोन्ही स्थळें येथें थोडक्यांत सांगतों, आणि मग निर्णय कसा झाला तें सांगतों.

२०१९ च्या फेब्रुवारींत आम्ही दादांना घेऊन औलीस गेलों. हरिद्वारपर्यंत आगगाडी, पुढें मोटार. हृषीकेशापासून जोशीमठ सुमारें अडीचशें किलोमीटर. आंकडा ऐकून हें अंतर वाईहून मुंबईस जाण्याइतकेंच वाटतें. परंतु अलकनंदेच्या कांठानें वळसे घेत चढणारा तो रस्ता एका दिवसांत पुरा करणें वृद्धांस झेपणारें नाहीं. आम्हीं रुद्रप्रयागास मुक्काम केला. तरीहि त्या प्रवासाचा शीण वाटला नाहीं, कारण देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकामागून एक संगम भेटत होते. देवप्रयागास भागीरथी व अलकनंदा एकत्र होतात आणि तेथून पुढें त्या प्रवाहास गंगा हें नांव पडतें. दादांनीं तेथें पायऱ्या उतरून आचमन केलें, आणि पाणी फार थंड आहे अशी आमचीच समजूत घातली.

जोशीमठ सुमारें सहा हजार फूट उंचीवर आहे. आद्य शंकराचार्यांचें हें ज्योतिर्मठ. हिवाळ्यांत बदरीनाथाचें मंदिर बंद झालें म्हणजे तेथील शंकराचार्यांची गादी येथील नृसिंहमंदिरांत आणून ठेवितात. २०२४ सालीं या तहसिलीस ज्योतिर्मठ हें नांव सरकारीरीत्याहि मिळालें. गांवाच्या वर सुमारें आठ ते दहा हजार फुटांच्या दरम्यान औलीचे उतार पसरलेले आहेत. आम्ही गेलों तेव्हां जोशीमठाहून तेथपर्यंत चार किलोमीटरांचा तारेवरचा पाळणा चालत असे. त्या पाळण्यांत बसून देवदारांच्या शेंड्यांवरून आम्ही वर गेलों, बाहेर आलों, आणि समोर नंदादेवी उभी! उंची २५,६४३ फूट. चौतीस वर्षें जिचें वर्णन केलें ती पर्वतराजाची कन्या प्रत्यक्ष समोर आल्यावर आम्हांला एकहि श्लोक आठवला नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. दादा त्या वेळीं सत्तर वर्षांचे. त्यांनीं काठी बाजूस ठेविली, बर्फावर बसकण मारली आणि हात जोडले.

औलीचे उतार नव्यानें शिकणाऱ्यास सोईचे. ते फार लांब नाहींत. एका बाजूस उभें राहिलें असतां शिकणारें मूल दृष्टीआड होत नाहीं. गढवाल मंडळ विकास निगमातर्फें तेथें सात दिवसांचे व चौदा दिवसांचे वर्ग भरत. २०११ सालीं दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतील बर्फावरील शर्यती याच उतारांवर झाल्या. गुलमर्गाच्या मानानें गर्दी कमी, गोंगाट कमी.

गुलमर्गास आम्ही २०२३ च्या फेब्रुवारींत गेलों, तें थोरल्या चिरंजिवांच्या आग्रहानें. श्रीनगरपर्यंत विमान; तेथून तंगमर्गावरून पन्नासएक किलोमीटर मोटार. बर्फ पडला म्हणजे शेवटच्या चढावर चाकांना सांखळ्या बांधलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते. हें स्थळ सुमारें ८,७०० फूट उंचीवर असून पीर पंजाल पर्वताच्या कुशींत बशीसारखें वसलेलें आहे. याचें जुनें नांव गौरीमार्ग. सोळाव्या शतकांत सुलतान युसुफ शहा चक यानें तें बदलून गुलमर्ग, म्हणजे फुलांचें कुरण, असें ठेविलें. तेव्हां हेंहि गौरीचेंच माहेर! इंग्रज अधिकाऱ्यांनीं १९२७ सालीं येथें स्की क्लब स्थापन केला. तेव्हांपासून या खेळाची परंपरा येथें चालत आली आहे. केंद्र सरकारची हा खेळ व गिर्यारोहण शिकविणारी संस्थाहि येथेंच आहे.

गुलमर्गाचा मोठा विशेष म्हणजे तेथील तारेवरचा पाळणा. त्यास तेथें ‘गंडोला’ म्हणतात. त्याचा पहिला टप्पा १९९८ सालीं सुरू झाला. तो कोंगदोरीपर्यंत, सुमारें दहा हजार फुटांवर नेतो. दुसरा २००५ सालचा. तो अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ तेरा हजार फुटांवर सोडतो. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-पंचमांशच उरतो. चिरंजीव वर जाऊन आले. आम्ही कोंगदोरीस चहा घेत बसलों. तेथून दिसणारी बर्फाची राशि औलीच्या किती तरी पट! वरच्या उतारांवर देशोदेशींचे कसलेले खेळाडू येतात. नवशिक्यांसाठीं खालच्या पठारालगतचे सौम्य उतार वेगळे आहेत.

त्या खालच्या उतारावर आम्हींहि एक तास शिकवणी घेतली. गुरु बावीस वर्षांचा, तंगमर्गाजवळच्या खेड्यांतला. शिष्य पासष्ट वर्षांचा. त्यानें प्रथम पडावें कसें तें शिकविलें: पुढें नाहीं, मागें नाहीं, कुशीवर. मग थांबावें कसें तें: फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ आणावयाचीं, मागचीं दूर करावयाचीं, म्हणजे फळ्यांच्या आंतल्या कडा बर्फांत रुततात व गति मंदावते. एवढें साधल्यावरच त्यानें आम्हांला चार हात पुढें घसरूं दिलें. शिक्षकी पेशांत आयुष्य गेलें, पण पळायला शिकविण्यापूर्वीं थांबायला शिकविणारी शाळा आम्हीं तेथें प्रथम पाहिली. आम्ही अकरा वेळां पडलों. प्रत्येक वेळीं त्यानें “गुरुजी, शाबास” असें म्हणून हात दिला. मास्तरांना शाबासकी मिळण्याचा योग विरळा, म्हणून हें नमूद केलें.

आतां तुलना. सभेच्या दिवशीं आम्हीं फळ्यावर लिहितों तसा कागदावर तक्ता केला.

पहिली गोष्ट बर्फाची. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तर हिमालयांतील हिवाळी बर्फ पश्चिमेकडून, भूमध्यसमुद्राच्या बाजूनें येणाऱ्या वादळी वाऱ्यांबरोबर येतो. हे वारे काश्मिरास प्रथम अडतात; पूर्वेस गढवालापर्यंत पोंचतांना त्यांचा जोर पुष्कळदां ओसरलेला असतो. म्हणून गुलमर्गास बर्फ अधिक व अधिक भरंवशाचा. परंतु हा भरंवसाहि पूर्वींसारखा राहिलेला नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें गुलमर्गाची जमीन कित्येक आठवडे उघडी होती. आमच्या त्या तरुण गुरूनें पिंवळ्या गवताचें छायाचित्र आम्हांस पाठविलें होतें. २०२५ च्या फेब्रुवारींतील तेथील हिवाळी स्पर्धा बर्फाअभावीं पुढें ढकलून मार्चांत घ्याव्या लागल्या. औलीसहि अशीच ओढ अनेक वर्षीं सोसावी लागली आहे. तेथें कृत्रिम बर्फासाठीं तळें बांधलेलें आहे. पण हवाच पुरेशी थंड नसेल तर तळें काय करणार?

दुसरी गोष्ट प्रवासाची. गुलमर्गास विमानानें जाणाऱ्या वृद्धांना व मुलांना श्रम कमी. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत थेट आगगाडीहि सुरू झाली. औलीच्या मार्गांत दोन दिवस मोटारींत बसण्याची तयारी हवी.

तिसरी गोष्ट खर्चाची व व्यवहाराची. दोन्ही ठिकाणीं फळ्या, जड बूट व शिक्षक भाड्यानें मिळतात. भाव आधीं ठरवावा, नाहींतर बर्फांत उभें राहून घासाघीस करावी लागते. गंडोल्याचीं तिकिटें अगोदर संगणकावरून काढून ठेवावीं. सुती कपडे भिजले कीं अंगाशीं गोठतात, म्हणून लोकरीचे दोन थर व वर पाणी न शिरणारा कोट घ्यावा. काळा चष्मा विसरूं नये. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानें डोळे सुजतात. आहाराची चिंता दोन्हीकडे नाहीं. काश्मिरांत आम्हांस नद्रू, म्हणजे कमळाचे देंठ, घातलेली भाजी व हाक नांवाची पालेभाजी मिळाली. आमच्या मंडळींना ती फार आवडली.

चौथी गोष्ट धोक्याची, आणि येथें वहिनींचें म्हणणें आलें. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामजवळ बैसरन येथें सव्वीस जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रांतील सहा जण होते. प्रवाशांना वांचविण्यासाठीं धडपडणारा एक स्थानिक घोडेवालाहि त्यांत मारला गेला. वहिनींची भीति खोटी आहे असें म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. जून २०१७ मध्यें गुलमर्गाच्या तारेवर झाड कोसळून सात जीव गेले. वरच्या उतारांवर हिमकडे कोसळतात तेंहि खरें. परंतु औलीच्या बाजूसहि भय आहे, तें वेगळ्या जातीचें. जोशीमठ हें गांव प्राचीन दरडींच्या ढिगाऱ्यावर वसलेलें आहे. गढवालचे तत्कालीन आयुक्त मिश्र यांच्या समितीनें १९७६ सालींच इशारा दिला होता कीं, येथें मोठीं बांधकामें करूं नका, उतारावरील दगड काढूं नका, पाण्याचा निचरा नीट करा. तरीहि बांधकामें होत राहिलीं. जानेवारी २०२३ मध्यें आठशेंहून अधिक घरांना तडे गेले. उपग्रहाच्या मापनाप्रमाणें २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत गांवाचा कांहीं भाग ५.४ सेंटिमीटर खचला. तो तारेवरचा पाळणा त्याच महिन्यांत बंद करावा लागला, आणि औलीस जाणाऱ्यांना मोटारीचा वळणांचा रस्ताच उरला.

तक्ता पुरा झाला. मुलांना खेळ शिकवावयाचा हाच हेतु असेल तर गुलमर्गाचें पारडें जड, हें उघड दिसत होतें. पण झोपाळ्यावर दादा होते.

दादा “औलीच” कां म्हणाले हें नातवंडांना ठाऊक नव्हतें. आम्हांला ठाऊक होतें. २०१९ सालीं औलीहून जोशीमठास उतरलों त्या रात्रीं दादांना ताप भरला आणि धाप लागली. बाहेर बर्फ पडूं लागलेला. आम्ही ज्यांच्या घरीं भाड्यानें उतरलों होतों, ते गृहस्थ त्या बर्फांतून डॉक्टरांना घेऊन आले. त्यांच्या वृद्ध मातोश्री रात्रभर शेगडी पेटती ठेवून दादांच्या उशाशीं बसल्या. ठरलेल्या दिवसांहून चार दिवस अधिक राहावें लागलें. त्या चार दिवसांचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत. निघतांना आईंनीं स्वतः विणलेली करड्या लोकरीची कानटोपी दादांच्या डोक्यावर घातली. २०२३ सालीं त्या घराच्या भिंतींना तडे गेले आणि ती माणसें कांहीं महिने तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिलीं.

रात्रीं आम्ही दादांजवळ जाऊन बसलों. ते म्हणाले, “ज्या घरानें आपल्याला चार दिवस जास्त ठेवून घेतलें, त्या घराला तडे गेल्यावर आपण वाट बदलायची, हें तुला बरें दिसतें का?”

यावर आम्हांला उत्तर सुचेना. आमच्या तक्त्यांत या गोष्टीसाठीं रकानाच नव्हता. वडील लवकर गेल्यावर दादांनीं स्वतःचें शिक्षण सोडून दुकानांत हिशेब लिहिले, म्हणून आम्ही मॅट्रिक झालों. त्यांचा शब्द मोडून तक्त्याचा कौल द्यावयाचा, कीं चार मुलांची सुट्टी पणाला लावून त्यांचा शब्द राखावयाचा?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं जोशीमठच्या यजमानांस दूरध्वनि केला, आणि दादांना ऐकूं जाईल असा मोठ्यानें लावला. आमचा विचार त्यांस सांगितला. ते क्षणभर थांबले व हिंदींत जें म्हणाले त्याचा आशय असा: “गुरुजी, पाहुणे मला हवे आहेत, नाहीं कसें म्हणूं? पण फेब्रुवारींत येथें बर्फ असेल असें वचन मी देऊं शकत नाहीं. मुलें इतक्या दुरून यायचीं आणि माती पाहून परत जायचीं, तें मला सोसणार नाहीं. त्यांना यंदां गुलमर्गास पाठवा. घराची डागडुजी झाली आहे. आम्ही तेथेंच राहतों. वैशाखांत बदरीनाथाचे दरवाजे उघडले कीं तुम्ही या. आमच्याकडे यायला बर्फ लागत नाहीं.”

दादांनीं मध्येंच विचारलें, “आई कशा आहेत?”

“गेल्या वर्षीं गेल्या,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत विचारीत होत्या, ते पुण्याकडचे धाप लागणारे बाबूजी कसे आहेत म्हणून.”

दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “मुलांना गुलमर्गास पाठवा. आणि वैशाखांत तूं जोशीमठास जा. मला डॉक्टर सोडणार नाहींत. माझ्या वांट्याचा नमस्कार तूंच कर.”

निर्णय झाला तो असा. माघांत मुलें, त्यांचे आईबाप व धाकटे बंधु गुलमर्गास जातील. निघण्यापूर्वींच्या आठवड्यांत तेथील परिस्थितीची व सरकारी सूचनांची चौकशी करावयाची, आणि जरा शंका आली तर तिकिटें रद्द करावयाचीं, या अटीवर वहिनींनीं संमति दिली. मुलांनीं खालच्या उतारांवरच शिकावयाचें, दुसऱ्या टप्प्यावर कोणीहि जावयाचें नाहीं, हें आमच्याकडून. त्या तरुण गुरूस आम्हीं कळविलें आहे. त्यानें पडण्याचा धडा आधीं घेण्याचें कबूल केलें आहे. वैशाखांत आम्ही उभयतां जोशीमठास जाऊं आणि भाड्याचे पूर्ण पैसे देऊन त्याच घरीं आठ दिवस राहूं.

कोणतें स्थळ अधिक चांगलें, असें कोणीं विचारल्यास आम्ही आतां उलट विचारतों कीं, बरोबर कोण आहे आणि कशासाठीं जावयाचें आहे? खेळ शिकणाऱ्या मुलांनीं व थोडक्या दिवसांची रजा असणाऱ्यांनीं गुलमर्गास जावें. ज्यांना प्रयाग पाहावयाचे आहेत, नंदादेवीसमोर निवांत बसावयाचें आहे व बर्फ न मिळाला तरी चालणार आहे, त्यांनीं जोशीमठाचा रस्ता धरावा. तेथील घरें अजून उभीं आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांना पाहुण्यांची गरज पूर्वींपेक्षां आज अधिक आहे.

हें लिहीत असतां माजघरांत मुलांच्या पेट्या भरण्याचें काम चाललें आहे. दादांनीं ट्रंकेंतून ती करड्या लोकरीची कानटोपी काढून सर्वांत धाकट्या नातवाला दिली. त्याला ती डोळ्यांवर येते. वहिनी उजेडाकडे तोंड करून बसल्या आहेत आणि आंतून टाके घालून ती लहान करीत आहेत.